राख लावलेली अंडी

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कबरीच्या पोटाखाली होते.

कबरी ही आमची खुडूक कोंबडी. चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, बुट्टीत भाताचं तूस घालून गजराने तिला अंड्यांवर बसवली होती. गजरा माझी बायको. ती तालुक्याच्या दवाखान्यात होती. मुलगा धनाजी पुण्याहून येऊन तिच्याजवळ थांबला होता, आणि मी सकाळच्या गाडीने घरी आलो होतो. कशासाठी, तर कोंबडी उठवायला.

अंड्यांवर बसलेली कोंबडी आपण होऊन उठत नाही. रोज एकदा तिला उचलून बाहेर न्यावं लागतं, दाणापाणी द्यावं लागतं. नाहीतर ती बसल्या जागी वाळत जाते. हे सगळं मला गजराने सांगितलं होतं. तोवर मला कोंबडीतलं काही कळत नव्हतं. माझं आयुष्य चिऱ्याच्या खाणीत गेलं. लाल दगड तासायचा, पाठीवर घ्यायचा, गाडीत रचायचा.

फोन खिडकीत होता. वाजू दे म्हटलं. कोंबडी उचलताना घाई केली तर तिच्या पायात अंडं अडकून येतं आणि खाली पडून फुटतं. मी हळूच चाचपून तिला उचलली, परसात नेली, कण्या टाकल्या, पाणी ठेवलं. हात धुतले. फोन परत वाजला.

"आबा, कुठं हुता?" धनाजी म्हणाला.

"परसात. का रं?"

मागे कुणीतरी भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आबा, आई गेली."

"कवा?"

"आत्ताच. तुमाला तवाच फोन लावला हुता."

"बरं," मी म्हणालो.

"आबा, ऐकलासा का?"

"ऐकलं."

"तुम्ही येऊ नगासा. आम्हीच घेऊन येतोय."

मी फोन खिडकीत ठेवला आणि परसाच्या उंबऱ्यावर बसलो. कबरीने कण्या खाल्ल्या, पाणी प्याली, उकिरड्याजवळच्या राखेत अंग घोळवलं. गजराने बजावलं होतं, ती परत जाऊन बसल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मी हललो नाही. कबरी आत गेली तसा मीही मागोमाग गेलो आणि चुलीपाशी उभा राहिलो.

शेजारच्या अनसूयावहिनींना तोवर कळलं होतं. त्या रडतच आत आल्या.

"भावजी, आवं काय बघतायसा हितं?"

"कोंबडी बसती का बघतोय."

त्यांनी तोंडाला पदर लावला. नंतर गावात बोलणं झालं, की हिंदुरावला धक्का बसला, बायको गेलेली कळली आणि हा कोंबडी बघत उभा. तसं काही नव्हतं. मला सगळं कळत होतं. पण दवाखान्यातून गजराला आणायला वेळ लागणार होता, आणि घरात तिने सांगितलेलं तेवढंच एक काम होतं.

आदल्या दिवशी तिच्या खाटेशी बसलो होतो. पोटात पाणी झालं होतं, श्वास पुरत नव्हता, तरी तिचं एकच.

"कबरी उठवली का आज?"

"हितं तुझा जीव चाललाय आणि तुला कोंबडीचं पडलंय."

"मग कुणाचं पडू दे? तुमचं? तुम्ही काय अंडी घालतायसा?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. गजराही हसायला गेली आणि खोकत बसली. खोकला थांबल्यावर माझा हात ओढून म्हणाली, "थट्टा नव्हं. उद्या सकाळच्या गाडीनं जावा. कबरीला उठवायची, खाऊ घालायचं, परत बसवायची. कुणीतरी येईल. तवर तिनं बुट्टी सोडली न्हाई पायजे."

"कोण येणार?"

"येईल की. आल्यावर कळंल."

पिल्लं घ्यायला कोणी गिऱ्हाईक यायचं असेल, असं मी धरून चाललो. जास्त विचारलं नाही. तिला बोलताना त्रास होत होता.

गजराला स्मशानात पोचवून आलो त्या संध्याकाळी तिची धाकटी बहीण शेवंता घरात राहिली. बारावं होईपर्यंत ती राहणार होती. कोंबड्यांचं सगळं शेवंता गजराच्या हाताखालीच शिकली होती. लग्नाआधी दोघी माहेरी कोंबड्या पाळायच्या. आजारी कोंबडी नुसत्या विष्ठेवरून ओळखायची, मानमोडीची साथ आली की बाकीच्या लगेच वेगळ्या करायच्या, कुठली बसवायची, कुठली नाही, हे त्यांना घरातल्या माणसांसारखं माहीत होतं.

शेवंता खुराडं बघून आली, झाडून आली. कबरीला मात्र मी तिला हात लावू दिला नाही.

"दाजी, मी उठवतो की. तुम्ही बसा."

"असू दे. मला सवय झालीया."

"आक्कानं तुमाला कोंबडीला हात लावू दिला? मागल्या साली बुट्टी सरकवायला गेलासा आणि निम्मी अंडी फोडलासा. चिरा न्हवं, अंडं हाय ते, म्हणून किती बोलली हुती तुमाला."

ते खरं होतं.

चार दिवस गेले आणि कबरी उतरायला लागली. तुरा फिका पडला, डोळे अर्धे मिटलेले. बाहेर काढली तरी दाणा टिपेना, तशीच फुगून उभी राहायची. शेवंताने पंखाखाली बघितलं तर उवा झालेल्या. तिने कडुलिंबाचा पाला वाळवून चुरला, गाळलेल्या राखेत मिसळला आणि कबरीच्या पिसांत मुळापर्यंत चोळला. बुट्टीतलं तूसही बदलू म्हणाली. त्यासाठी अंडी काढून सुपात ठेवली, आणि तिथेच ती थांबली.

एक अंडं उचलून तिने तळहातावर तोललं. बोटाने घासलं. अंड्यावर राख बसलेली होती. तिने पदराचं टोक ओलं करून ते पुसलं. खाली पांढरं फेक कवच.

"दाजी, ही अंडी कुठली?"

"कबरीचीच असतील. गजरानंच बसवल्यात."

"कबरीचं अंडं एवढं मोठं? एवढं पांढरं?"

ती दारात गेली. दाराच्या फटीतून दुपारचं ऊन आत आलं होतं. तिने मुठीची नळी करून तीत अंडं धरलं आणि उन्हासमोर डोळ्याला लावलं. मग दुसरं, मग तिसरं. सगळी बघून झाल्यावर खाली बसली.

"ह्यात काय न्हाई. इतक्या दिसांत आत काळोख दिसाय पायजे. हे आरपार उजेड हाय. दुकानातली अंडी हाईत ही दाजी, पोल्ट्रीची. ह्यातनं पिल्लू कसं निघंल?"

धनाजी ओट्यावर होता. तो आत आला. "काय झालं मावशी?"

तिने सांगितलं. त्याने सुपातली अंडी बघितली. मग म्हणाला, "औषधं लई जोराची हुती. डॉक्टर म्हणालेच हुते, कधी कधी बोलण्यात फरक पडंल."

"दवाखान्यात न्यायच्या आधी बसवलीया ही कोंबडी," मी म्हणालो.

"मग आजार तवाच डोक्यात गेला असंल, आबा."

शेवंताने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. बहीण गेल्यावरसुद्धा ती इतकी रडली नव्हती. रडत रडतच म्हणाली, "तिला अंडं वळखू आलं न्हाई रं धनाजी. माझ्या आक्काला अंडं वळखू आलं न्हाई."

ती अंडी तिनेच नेऊन उकिरड्यात पुरली. एक वाटेत फुटलं, त्याची घाण घरभर झाली.

कबरी परसातून परत आली, रिकाम्या बुट्टीत चढली, तूस पायाने सारखं केलं आणि पंख पसरून बसली. खाली काहीच नव्हतं. पण ती बसली.

"आता हिची खुडूक मोडाय पायजे," शेवंता म्हणाली. "असंच बसू दिलं तर मरंल. बादलीत गार पाणी घ्या, पोटापर्यंत बुडवा, आणि दोन दिस डालग्याखाली उजेडात ठेवा. मोडंल."

मी बादली भरली. कबरीला आणलं. तिचं पोट तापलेलं होतं, पिसं झडून उघडं झालेलं कातडं माझ्या हाताला लागत होतं. मी तिला पाण्यावर धरली आणि तसाच उभा राहिलो.

"बुडवा की."

"राहू दे."

"आवं, का?"

"गजरानं सांगितलंय, कुणीतरी येईल तवर बुट्टी सोडू द्यायची न्हाई."

शेवंताने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, पण ती जे बोलली ते मला आजही टोचतं.

"दाजी, तिला अंडी कुठली ते कळलं न्हाई. मग येणार कोण, ते कळत हुतं व्हय?"

मी कबरीला परत बुट्टीत ठेवली.

त्यानंतर रोज मी तिला रिकाम्या बुट्टीतून उचलायचा, परसात न्यायचा, चोच उघडून दोन घास कण्यांची पेज घालायचा आणि परत आणायचा. शेवंता बघायची. फक्त पिसांत पाला-राख चोळायची वेळ तिने चुकवली नाही. खाणीतला जुना सोबती मल्लू सुतकात भेटायला आला होता. तो म्हणाला, "हिंदुराव, तूस उबवून काय काढणार? भाकरी?" हसला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. चहा न घेताच गेला.

बारावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धनाजीने गाडी बोलावली. वाटेत शेवंताला तिच्या गावी सोडायचं आणि मला घेऊन पुण्याला जायचं, असं त्याने ठरवलं होतं. माझे कपडे त्याने पिशवीत भरलेसुद्धा.

"आबा, चला."

"कोंबडी उठंपर्यंत मी येत न्हाई."

"ती कशी उठंल? खाली काय असंल तर उबवून उठंल. खाली काय न्हाईच."

"मग न्हाई."

त्याने डोकं धरलं. "आबा, एकटं काय करणार हितं? कोण भाकरी घालणार? आई शेवटी काय बोलली ते मनावर घिऊ नगासा. ती शुद्धीवर नव्हती."

शेवंता गाडीत जाऊन बसली होती. तिने काचेतून सगळं बघितलं आणि खाली मान घातली.

"ऐतवारी मी परत येतो," धनाजी म्हणाला. "तवर कोंबड्या अनसूयाकाकूला देऊन टाका. ऐतवारी काय बी ऐकणार न्हाई मी."

गाडी गेली. घरात पहिल्यांदाच मी आणि कबरी एवढेच राहिलो. त्या दिवशी मी तिला उचललं तेव्हा तिची मान एका बाजूला कलत होती. मी विचार केला, ऐतवारपर्यंत ही टिकायची नाही. आणि टिकली तरी मला जावंच लागेल. येणार कोण? गजराचं डोकं खरंच ठिकाणावर नसेल, तर मी कुणाची वाट बघतोय? बादली अजून परसातच होती. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही, तर उद्या बुडवायची, असं मी मनाशी ठरवलं.

ऊन कलायच्या आत अंगणात स्कूटीचा आवाज आला. एक तरुण बाई उतरली. पुढे पायाशी खोकं होतं, त्यावर जुनी ओढणी बांधलेली.

"गजरामावशीचं घर हेच न्हवं?"

"हेच. तुम्ही कोण?"

"मी यास्मिन. खालच्या पेठंतली. आमच्या बचत गटाचं अंडी उबवायचं मशीन हाय, ते मी बघतो." तिने आत नजर टाकली. "मावशीचं कळलं मला. लई वाईट झालं, काका. सुतकात यावं का न्हाई, म्हणून थांबलो हुतो. पण आता थांबून चालणार नव्हतं." मग जरा अडखळून म्हणाली, "कोंबडी बसलीया का अजून?"

मी तिला चुलीमागे नेली. कबरीला उचलून दाखवली. खाली नुसतं तूस.

"अंडी?"

"टाकली. नासली हुती."

यास्मिन हसली, आणि लगेच तिने ओठ दाबले. "ती नासायचीच हुती, काका. ती दुकानातली. माझ्याच बाकड्यावर बसून मावशीनं त्यांना राख चोळली. कबरीची अंडी माझ्या मशीनला दिली आणि ही घरी नेली."

तेव्हा मला खोक्यातली चिवचिव ऐकू आली.

"पण असं कशासाठी?"

"मी बी हेच इचारलं. तर म्हणाल्या, मी दवाखान्यात जाणार. घरात राहणार आमचा गडी, आणि त्याचा हात चिऱ्याचा. त्याच्या ताब्यात जिती अंडी द्यायला नगो. फुटली तरी चालतील असली देतो."

मी हसलो. गजरा गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता मला खाली बसावं लागलं.

"मग कोंबडी तरी का बसवायची?" मी विचारलं.

"पिल्लांना आई नगो? मशीन कवच फोडस्तवर सांभाळतं. पुढं आमच्यात बल्ब लावून ठेवतो आणि लाईट गेली की सकाळी निम्मी मेलेली. कोंबडी बसलेली असली की तिच्याखाली सोडायची. पण त्यासाठी ती तवर बसून राह्यला पायजे." तिने खोक्यावरची ओढणी सैल केली. "आणि एक म्हणाल्या मावशी. म्हणाल्या, मी असले नसले तरी तू जायाचं. कोंबडी बुट्टीत असली, तर पिल्लं आमच्या ह्यांच्याकडं द्यायची. बुट्टी मोकळी असली, तर समजायचं त्यांना पोरानं पुण्याला नेलं. मग पिल्लं तुझी."

"असले नसले म्हणाली?"

"व्हय."

"हे कवा?"

"अंडी आणली तवाच की. चढण चढून आल्या, दम लागला हुता. पाणी पिऊन मग बोलल्या."

म्हणजे दवाखान्यात जायच्या आधी. डॉक्टरने आम्हाला काही सांगायच्याही आधी.

यास्मिनने मला फार वेळ बसू दिलं नाही. "काका, उठा. पिल्लं गार पडत्यात." दिवसाउजेडी कोंबडी परकी पिल्लं घेत नाही, म्हणून आम्ही खिडकीला पोतं लावलं, दार ओढून घेतलं. अंधारात तिने एक पिल्लू माझ्या हातात दिलं. माझ्या हाताला ते जवळजवळ लागलंच नाही, एवढं हलकं होतं.

"मागनं सोडा, पंखाखाली. हळू."

मी सोडलं. कबरी ताठ झाली. पिल्लू चिवचिवलं आणि पंखाखालून पुढे आलं. कबरीने खटकन त्याच्या डोक्यावर चोच मारली. पिल्लू कोलमडलं.

"मारती ही," मी म्हणालो.

"दम खावा."

मी दुसरं सोडायला हात पुढे केला तर कबरीने माझ्या मनगटावर टोचलं. रक्त आलं. मी हात मागे घेतला नाही. दुसरं पिल्लू पोटाखाली शिरलं आणि तिथे चिवचिवत राहिलं. पोटाखालून आवाज आला तशी कबरी गप्प झाली. मान वाकवून ऐकायला लागली. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला, जाड, दबका, तुटक तुटक. तसा आवाज मी घरात कितीतरी वर्षं ऐकला असेन, पण तो कशाचा, ते तेव्हा कळलं. मार खाल्लेलं पिल्लू उठलं आणि त्या आवाजाकडे गेलं. कबरीने पंख उचलला.

बाकीची आम्ही एकेक करून सोडली.

यास्मिन गेल्यावर मी बादली उपडी केली.

पिल्लं सगळी जगली नाहीत. दोन पहिल्याच आठवड्यात गेली, एक घारीने नेलं. पण ऐतवारी धनाजी आला तेव्हा कबरी अंगणात उकरत होती आणि तिच्यामागे पिल्लं पळत होती. धनाजी दारातच थांबला.

"ही कुठली आबा?"

"मशीनवरची. पेठंतनं एक बाई देऊन गेली."

त्याने कबरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कपड्यांची पिशवी अजून खुंटीला तशीच होती. ती त्याने काढली नाही. दुपारी माझ्या हातची भाकरी खाल्ली, करपलीया म्हणाला आणि गेला. यास्मिनने काय सांगितलं ते मी त्याला पुढे, एका गणपतीत, सांगितलं. मावशीला मीच सांगतो, एवढं मात्र त्याला बजावलं.

शेवंताचं तसं नाही. त्या दिवाळीला ती आली. पिल्लांच्या तलंगा झाल्या होत्या. तिने एक पकडली, पंख पसरून बघितले, ठिपके बघितले.

"दाजी, ही तर कबरीच्याच वाणाची."

"असंल."

तिने तलंग खाली सोडली आणि हात झटकत म्हणाली, "आक्काला शेवटी अंडं वळखू आलं न्हाई, हे काय माझ्या मनातनं जात न्हाई बघा. आदल्याच आठवड्यात मी येऊन गेलतो. चांगली हसत हुती. जाताना मला लसणीची चटणी बांधून दिली. काय कळलं न्हाई मला."

मी तोंड उघडलं होतं. तुझ्या बहिणीला अंडं ओळखता येत होतं, तिचं डोकं शेवटपर्यंत जागेवर होतं, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यापुढे शेवंता जे विचारणार, ते मला दिसलं. म्हणजे आक्काला ठावं हुतं? मशीनवाल्या बाईला सांगितलं आणि मला नाही? चटणी बांधून दिली तेव्हाही ठावं हुतं?

मी कोंबड्यांना कण्या टाकल्या.

त्याला बरीच वर्षं झाली. कबरी गेली, तिच्या पिल्लांची पिल्लं आता अंगणात आहेत. कोंबडी बसवायची, उठवायची, उन्हात अंडं बघायचं, हे मला आता येतं. शेवंता थकली आहे. गुडघ्यांमुळे येत नाही, फोन करते. दर वेळी गजराचा विषय निघतो आणि दर वेळी ती त्या अंड्यांपाशी येऊन थांबते.

तिला खरं काय ते सांगायचं अजून राहिलं आहे.